ग्लुटेन फ्री स्टार्टर्स घरी करायचेत, २५ माणसं आहेत, मदत करा

गवतीचहा

येत्या रविवारी लेकीचा वाढदिवस घरीच करतोय, साधारण २५ माणसं, त्यातली दहाबारा पोरं. माझ्या बहिणीचा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि त्याला गेल्या वर्षी सिलियाक निघालं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला त्रास होतो, त्यामुळे गहू पूर्ण बंद. आतापर्यंत कुठेही गेलं की बहीण त्याचा डबा वेगळा आणते. दिवाळीत आमच्याकडे पण तसंच झालं आणि सगळी पोरं गोल करून फराळ खात होती नि हा डबा घेऊन बाल्कनीत एकटाच जाऊन बसला, ते काही माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये. म्हणून ह्यावेळी ठरवलंय की स्टार्टर्स सगळेच त्याला चालतील असे करायचे, सगळ्यांनी तेच खायचं.

डोक्यात बटाटेवडे, कोथिंबीर वडी, ढोकळा असं आहे. जेवायला मसालेभात, टोमॅटोचं सार, मठ्ठा. बेसनात गहू नसतो मग प्रश्न कुठे येतो असं मला वाटायचं, पण दिवाळीत मी त्याला माझ्या हातची चकली दिली होती, तांदूळ आणि डाळींची भाजणी, गव्हाचा एक दाणा नाही त्यात, आणि तरी रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या. बहीण काही बोलली नाही पण मला फार अपराधी वाटलं. कशाने झालं ते अजून कळलेलं नाही. कोणाच्या घरी असं पेशंट आहे का? नक्की काय काय बघावं लागतं?

टपरीवरचा_कटिंग

रव्याचे आप्पे करा की, झटपट होतात. रवा पचायला पण हलका असतो, आजारी माणसाला आपण रव्याची पेजच देतो.

खमंग_काकडी

अहो कटिंग, रवा म्हणजे गहूच!! रवा, मैदा, शेवया, दलिया सगळी एकाच घरातली भावंडं. इडली रवा म्हणून मिळतो तो तांदळाचा असतो, तो चालतो, पण पुडक्यावर वाचून घ्यायचं कारण दुकानदार दोन्ही रवे शेजारी शेजारी ठेवतो.

गवतीचहा, माझ्या नवऱ्याला सिलियाक आहे, ११ वर्षं झाली, त्यामुळे ह्या विषयावर मी प्रबंध लिहू शकते. तुझ्या चकलीचं कोडं मी इथे बसून सोडवते. भाजणी गिरणीतून दळून आणली होतीस ना? तुझ्या आधी कोणीतरी पाच किलो गहू दळलेले असणार. गिरणीच्या जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहतं आणि ते तुझ्या भाजणीत येतं. एरवी आपल्याला फरक पडत नाही पण ह्या पोरांना चिमूटभर कणीक पण नको. आतडं सुजतं, आणि कधीकधी वरून काहीच दिसत नाही तरी आत नुकसान होतच असतं. दुसरा संशयित हिंग. डबीतला हिंग म्हणजे नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ घालून बांधतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाच, तिथे लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आण, नाहीतर हिंग घालूच नकोस.

आणि हिंग एकदा डोक्यात बसला की तो सगळीकडे दिसायला लागतो. चाट मसाल्यात हिंग, सांबार मसाल्यात हिंग, लोणच्यात हिंग, उडदाच्या पापडात हिंग. तुझ्या मसालेभातातल्या गोड्या मसाल्यात पण असणार, तो घरचा आहे का विकतचा? मठ्ठ्याला पण हिंग लावतात बघ. मेतकुटात तर गहूच घालतात.

गवतीचहा

बाप रे. हो, गिरणीतूनच आणली होती. आणि गोडा मसाला सासूबाईंच्या हातचा, त्यात हिंग आहेच, आत्ता विचारलं. मग बेसनाचं काहीच करायचं नाही का? कोथिंबीर वडी तर त्याची फेवरेट आहे :(

उकडीचा_मोदक

ताई घाबरू नका, आपल्या स्वयंपाकात त्याला चालणारं इतकं आहे की २५ काय ५० माणसं जेवतील. एक सोपी युक्ती सांगतो, जिथे पीठ लागतं तिथे डाळ वापरा. भिजवायची आणि घरच्या मिक्सरवर वाटायची, गिरणीशी संबंधच नाही. डाळ आणल्यावर ताटात पसरून निवडायची मात्र, कधीकधी एखादा गव्हाचा दाणा सापडतो, मग दोन तीन पाण्यांनी धुवायची.

मुगाची भजी करा. अर्धा किलो सालाची मूगडाळ तीन तास भिजवा, चोळून थोडी सालं काढा, सगळी काढली तरी चालेल पण थोडी राहिलेली बरी लागतात. पाणी पूर्ण निथळून मिरची आल्याबरोबर जाडसर वाटा, पाण्याचा थेंब पण घालू नका, मिक्सर कुरकुर करेल करू दे, मध्ये थांबून चमच्याने सारखं करा. मग हाताने एकाच दिशेने चार पाच मिनिटं फेटा. फेटून झालं की नाही ते बघायला वाटीभर पाण्यात एक ठिपका टाका, तरंगला की झालं, बुडला की अजून फेटा. ह्याने सोडा न घालता भजी आतून जाळीदार होतात. जाडसर कुटलेले धणे, भरपूर कोथिंबीर, मीठ अगदी तळताना. आणि बेसनच हवं असेल तर चणाडाळ कढईत नुसती गरम करून घ्या, गार झाली की मिक्सरला लावा आणि चाळा. बाजारच्या इतकं मऊ होत नाही, पण वडीला थोडं रवाळच बरं.

खमंग_काकडी

मोदक +१, मी तर ११ वर्षं हेच करतेय. फक्त चाळायचं म्हणालात ना, तिथे थांबा! कणकेची चाळणी वापरायची नाही. ती कितीही धुतली तरी जाळीत पीठ अडकलेलं असतंच. आमच्याकडे नवऱ्याची चाळणी वेगळी आहे, दांड्याला लाल दोरा बांधलाय. तसंच लाकडी पोळपाट लाटणं, लाकडी उलथनं हे नको. स्टीलचं चालतं, नीट घासून घेतलेलं.

आणि तेल. ज्या तेलात आदल्या दिवशी पुऱ्या किंवा समोसे तळले ते तेल गाळून वापरायचं नाही. लोकांना वाटतं तापलं की सगळं जळून जातं, तसं होत नाही, ग्लुटेन तळून मरत नाही.

साबुदाणा_सम्राट

तुम्ही लोक उगाच डोकं लावताय. उपवासाचा मेनू करा! साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाणे, एकात तरी गहू आहे का? आणि हिंग पण नाही कारण आपल्याकडे उपवासाला हिंग चालत नाही. आपल्या आज्या पणज्यांनी ग्लुटेन फ्री मेनू कधीच लावून ठेवलाय नि वर एकादशी दुप्पट खाशी म्हणून खायची परवानगी पण देऊन ठेवलीय :D

२५ माणसांना साबुदाणा वडे म्हणजे साबुदाणा एक किलो, बटाटे सव्वा किलो, दाण्याचं कूट अर्धा किलो, हे भरपूर होतात, उरतील. साबुदाणा धुवून त्याच्या जेमतेम वर येईल इतकंच पाणी ठेवून रात्रभर. सकाळी दाणा बोटात दाबला की पूर्ण चेपला पाहिजे, मधे पांढरा टणक ठिपका राहिला असेल तर पाण्याचा हबका मारून अजून तासभर ठेवा. तो टणक दाणाच तेलात फुटतो नि अंगावर उडतो, माझ्या मनगटावर अजून डाग आहे. बटाटे उकडून पूर्ण गार झाल्यावर किसा, गरम असताना मळलं की गोळा चिकट होतो आणि वडे तेल पितात. कूट मात्र घरी दाणे भाजून करा. शिंगाड्याचं आणि राजगिऱ्याचं तयार पीठ घेणार असाल तर तिथे पण गिरणीचाच प्रश्न.

श्टुटगार्टची_शकू

इथे जर्मनीत माझ्या मुलीच्या मैत्रिणीला आहे हे, त्यामुळे वाढदिवसांना मी पण ह्यातून गेलेय. इथे सोपं एवढंच की पाकिटावर घटकांच्या यादीत गहू ठळक अक्षरात छापायचा कायदाच आहे, आणि बऱ्याच पाकिटांवर लोंबीवर काट मारल्याचं चिन्ह असतं. पण इंडियन दुकानातून आणलेल्या बेसनाच्या पिशवीवर बारीक अक्षरात गव्हाचे अंश असू शकतात असं लिहिलेलं मलाच सापडलं होतं, तेव्हापासून तेही वाचते. भारतात पण एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नियम आहे, ग्लुटेन फ्री लिहायचं असेल तर ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, इथली मर्यादा पण तेवढीच. त्यामुळे विकतचं पीठ घ्यायचंच असेल तर तसं लिहिलेलंच घे, नुसतं शुद्ध, घरगुती वगैरे लिहिलेल्यावर जाऊ नकोस.

पोरांसाठी मंचुरियन वगैरे करायचा विचार आला तर सोया सॉस बघ, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. मी एकदा अख्खं मंचुरियन कॉर्नफ्लॉरमध्ये केलं, फार हुशारी वाटत होती स्वतःची, आणि शेवटी सवयीने दोन चमचे सॉस ओतला. सगळं आम्हीच खाल्लं मग तीन दिवस.

टपरीवरचा_कटिंग

रव्याबद्दल सॉरी हां, खरंच माहीत नव्हतं. पण वाचून वाटायला लागलंय की मला पण हेच असेल, चपाती खाल्ली की पोट फुगतं. महिनाभर गहू सोडून बघतो.

खमंग_काकडी

कटिंग अजिबात तसं करू नका! आधी डॉक्टरकडे जा. रक्ताची टीटीजी-आयजीए म्हणून टेस्ट असते, ती करायची तर तोपर्यंत गहू खात राहावा लागतो. आधीच सोडला तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो नि मग धड हो नाही धड नाही अशी गत होते. नवऱ्याने नेमकं हेच केलं होतं, मग टेस्टसाठी पुन्हा कित्येक आठवडे पोळ्या खायला लागल्या, रोज कण्हत खायचा. आणि पोट फुगायला इतर शंभर कारणं असतात.

गवतीचहा, कोथिंबीर वडीचं सांगते. दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, वाटीभर घरचं बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी (ही पण मिक्सरवरची), तीळ, तिखट, हळद, मिरची लसूण, चिमूटभर साखर, एक चमचा कडकडीत तेल. पाणी घालायची घाई नको, धुतलेल्या कोथिंबिरीला मीठ लावून दहा मिनिटं ठेव, तिचंच पाणी सुटतं. पंधरा वीस मिनिटं वाफव आणि पू र्ण गार होऊ दे. आदल्या रात्री वाफवून फ्रीजमध्ये ठेवलीस तर सुरीने सुरेख कापल्या जातात, रविवारी नुसत्या तळायच्या. कोणी कोणी कुरकुरीतपणासाठी त्यात कणीक किंवा रवा ढकलतात, म्हणून दुसऱ्याकडची आयती वडी त्याला कधी द्यायची नाही.

गवतीचहा

सगळ्यांना थॅंक्यू, प्रिंट काढून फ्रीजवर लावते. ठरलं मग: साबुदाणा वडे, मुगाची भजी, कोथिंबीर वडी, आणि डाळ तांदूळ वाटून आप्पे. ढोकळा कॅन्सल. मसालेभाताला ह्यावेळी खडा मसाला. फक्त सासऱ्यांचं म्हणणं की वाढदिवसाला वडापाव पाहिजेच, त्यांच्यासाठी वेगळ्या टेबलावर पाव ठेवेन, बटाटेवडे मात्र सगळ्यांत शेवटी आणि घरच्याच बेसनाचे. केकचं बहीण बघतेय.

उकडीचा_मोदक

पाव ठेवताय तर चिमटे, चमचे, चटणीची वाटी सगळं वेगळं ठेवा. लोक पाव धरलेल्या हाताने वडी उचलतात.

गवतीचहा

कालचा वृत्तांत. साबुदाणा वडे आधी तळले, नवी कढई, नवं तेल, एकही फुटला नाही (सम्राट तुम्हाला दंडवत). मुगाची भजी पहिली संपली. मोठ्यांनीच संपवली, पोरांना दुसरा घाणा काढावा लागला. कोथिंबीर वडी तेवढी फसली, मीच घाईत गार न होताच कापली तर चुराच झाला, मग तो चुरा तीळ घालून परतला आणि वाट्यांमधून दिला, लोकांना वाटलं काहीतरी नवीन डिश आहे, रेसिपी विचारत होते.

मोदक म्हणाले तसंच झालं पण. शेजारच्या वहिनी मदत करायच्या उत्साहात पावाच्या टेबलावरचा चिमटा घेऊन आप्पे वाढायला लागल्या. मी स्वयंपाकघरात होते, मला कळलंही नसतं. भाच्यानेच हात मागे घेतला आणि म्हणाला, काकू हा चिमटा पावाचा आहे, मला नको. मग आत येऊन मला सांगितलं, मावशी ते ताट आता माझ्यासाठी नाही चालणार, खालच्या घाण्यातले दे. ९ वर्षांचा आहे हो. मी दुसरे आप्पे काढून दिले आणि तो परत जाऊन पोरांच्या घोळक्यात बसला, सहा वडे खाल्ले, बहिणीने मोजले. आज दुपारपर्यंत पोट ठीक आहे.

दोन वाट्या वाटलेली मूगडाळ उरलीय फ्रीजमध्ये, आज काय करू तिचं?

साबुदाणा_सम्राट

आंबायच्या आत धिरडी घाला. आणि सहावर थांबला? कमी तळले असतील तुम्ही.