पाळीतलं दुखणं, बद्धकोष्ठ, थकवा: घरी करता येण्याजोगा निसर्गोपचार सुचवा (ठाणे / नवी मुंबई)

केतकी_ऐरोली

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे. माहिती थोडक्यात देते.

वय ३९. पाळी २७-२८ दिवसांनी, पाच दिवस. पहिले दोन दिवस ओटीपोट आणि कंबर भयंकर दुखते. पोट रोज साफ होत नाही. दुपारनंतर अंगात त्राण नसतं. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. हिमोग्लोबिन १०.२. सोनोग्राफीत काही निघालं नाही. घर ऐरोलीत, १ बीएचके, बाथटब नाही.

प्रश्न असे:
कटिस्नान (फक्त कमरेचा भाग पाण्यात ठेवून बसणं) घरच्या टबात जमतं का, आणि पाणी किती थंड हवं?
पोटावरच्या पट्टीसाठी माती कुठून आणायची?
सकाळी दुधीचा रस सुरू करू का?
ठाणे-नवी मुंबईत कुठे शिकावं, कुणाला दाखवावं? एका ठिकाणी २१ दिवसांचं 'डिटॉक्स पॅकेज' सांगितलं आहे, सोबत तीन पावडरी.

पाणवठा

केतकीताई, तुमच्या माहितीत सगळ्यात मोलाचा आकडा १०.२ हा आहे. त्यावर जाई लिहितीलच, त्यांचा तो विषय आहे. मी पाण्याचं सांगतो.

निसर्गोपचारात औषधाची मात्रा म्हणजे पाण्याचं तापमान आणि बसायची मिनिटं. ही दोन्ही अंदाजपंचे ठेवली की महिनाभर करूनही गुण येत नाही. म्हणून पहिली खरेदी पाण्यात बुडवायच्या थर्मामीटरची. बाळाच्या आंघोळीचा किंवा स्वयंपाकाचा चालेल. तापाचा चालत नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशांतच मोजतो.

टब: कटिस्नानाचा खास टब पाठीला उंच आणि पायांकडे उतरता असतो. तो नसला तरी रुंद बुडाचा ५०-६० लिटरचा प्लास्टिकचा टब पुरतो. दुकानातच त्यात बसून बघा. कडेला टेकल्यावर मांडीखाली कड रुतत असेल तर दहा मिनिटांत पाय बधिर होतात, तो घेऊ नका. टब भिंतीला लावा, पाठीमागे घडी केलेला टॉवेल, पाय बाहेर कोरड्या पाटावर. पाणी फक्त बेंबीपर्यंत. २५ लिटर ओतलं तरी बसल्यावर पातळी चढते. पाय आणि छाती कोरडीच राहिली पाहिजे, नाहीतर ती साधी थंड आंघोळ झाली.

थंड कटिस्नान १० ते १८ अंशांचं. आपल्याकडे घोटाळा इथेच होतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या पुढे असतं. त्यात बसून काहीच घडत नाही, ते ना थंड ना गरम. २५ लिटर पाणी ३० वरून १८ वर आणायला साधारण ३ किलो बर्फ लागतो. ट्रेमधल्या खड्यांनी भागत नाही. रात्री स्टीलच्या तीन डब्यांत एकेक लिटर पाणी गोठवायला ठेवा, डबे काठोकाठ भरू नका. सकाळी डबा नळाखाली धरला की लादी सुटते. बर्फ पूर्ण विरघळला की हाताने तळापासून ढवळा आणि मग मोजा. न ढवळता मोजलं तर वर आणि खाली तीन-चार अंशांचा फरक दिसतो.

तुमचं थायरॉइड कमी आणि रक्तही कमी, म्हणजे थंडी जास्त वाजणार. तुम्ही १८ ला हात घालू नका. पहिला आठवडा २४ अंश, पाच मिनिटं. दुसरा आठवडा २२, आठ मिनिटं. नंतर २०, दहा मिनिटं, आणि तिथेच थांबा. बसल्यावर खरखरीत पंचाने बेंबीपासून खाली आणि आडवं, हलक्या हाताने चोळत राहायचं. पोट रिकामं हवं, शौचाला जाऊन आलेलं हवं. उठल्यावर कोरडं पुसून लगेच १५-२० मिनिटं भरभर चालायचं. हे चालणं लोक गाळतात आणि मग दिवसभर ओटीपोट जड राहतं. दहा मिनिटांत ऊब आली नाही, तर पाणी जास्त थंड होतं किंवा वेळ जास्त झाला. दुसऱ्या दिवशी दोन अंश वर जा.

पाळी चालू असताना, गरोदरपणात, तापात, लघवीला जळजळ असताना किंवा पांढऱ्या स्रावाला वास येत असताना थंड कटिस्नान नाही.

एक खरं सांगतो. पाळीच्या कळेवर गरम शेकाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. थंड कटिस्नानामागे परंपरा मोठी आहे, अभ्यास मात्र थोडे. त्यामुळे तुमची मुख्य तक्रार दुखण्याची असेल तर सुरुवात गरमपासून करा.

पाळी यायच्या आधी तीन-चार दिवस, संध्याकाळी, ४० अंशांच्या पाण्यात ८ ते १० मिनिटं. २५ लिटर ३० च्या पाण्यात सव्वाचार लिटर उकळतं पाणी घातलं की ४० होतं. उकळतं पाणी ओतून झाल्यावर, ढवळून, मोजून मगच बसायचं. बसल्यावर वरून ओतू नका, मांड्या भाजतात. कपाळावर गार पाण्याचा पिळलेला रुमाल. उठताना भिंतीचा आधार घेऊन सावकाश उठा, हिमोग्लोबिन कमी असताना चक्कर येते. रक्तस्राव सुरू झाला की टब बंद, गरम पाण्याची पिशवी सुरू. पिशवीत उकळतं पाणी भरायचं नाही, भरताना हवा काढून टाकायची, आणि पिशवी कातडीला न लावता सुती कापडावरून २० मिनिटं ठेवायची.

जाई_नेरुळ

पाणवठांनी आकडा बरोबर धरला. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि १०.२ हे 'थोडंसं कमी' नाही. दुपारनंतरचा थकवा बहुधा तोच आहे. टबात बसून तो जाणार नाही.

फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) करून घ्या, आणि सीबीसीच्या रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा. एमसीव्ही कमी आणि फेरिटिन व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनरची (आईवडिलांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष) तपासणी सुचवतील. तेव्हा लोह ढोसून उपयोग नसतो. फेरिटिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्याच. आहाराने साठा टिकतो, पण इतका खाली गेलेला साठा नुसत्या आहाराने भरायला फार वेळ लागतो. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून गोळी तिथेच थांबवू नका, आतला साठा भरायला पुढे साधारण तीन महिने चालू ठेवतात. गोळीने बद्धकोष्ठ वाढलं तर सोडून न देता डॉक्टरांना सांगा, दिवसाआड देऊनही चालतं.

आहारात: लाल माठ, राजगिरा, मटकी-चवळीची मोडं, भिजवलेले अळीव. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली जुनी रीत लोहाच्या दृष्टीने अगदी योग्य, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह शोषलं जातं. आणि त्याच पोह्यांबरोबर चहा घेतला की टॅनिन ते अडवतं. चहा जेवणा-नाश्त्यापासून तासभर लांब. या एका बदलाला पैसा लागत नाही, आणि बहुतेक घरांत नेमका हाच होत नाही. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर अळीव टाळा.

सोनोग्राफी स्वच्छ म्हणजे सगळं स्वच्छ, असं धरू नका. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) साध्या सोनोग्राफीत निसटू शकतो. दुखणं दर महिन्याला वाढतंय, शौचाच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी दुखतंय, साध्या वेदनाशामकाला दाद देत नाही, यांतलं काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना नेमक्या याच शब्दांत सांगा. तासा-दोन तासाला पॅड भिजणं, आठ दिवसांच्या वर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंबही दिसणं: यांत घरगुती उपाय करत बसू नये. त्याच आठवड्यात दाखवा.

सुगरण_नौपाडा

दुधीच्या रसाबद्दल कळकळीने सांगते. दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकुरबिटासिन या कडू विषारी द्रव्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली, इथवर जातं. माणसं दगावली आहेत. दुधी चिरताना देठाकडचा आणि टोकाकडचा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. जरासा कडवट लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, शिजवूनही खाऊ नका.

सकाळी बागांच्या आणि तळ्यांच्या बाहेर रस विकायला ठेवलेले असतात, त्यात दुधीबरोबर कारलं आणि कडुनिंब मिसळलेला असतो. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा झाकला जातो आणि कळण्याचा एकमेव मार्ग बंद होतो. म्हणून तो मिसळलेला रस मला धोक्याचा वाटतो. बद्धकोष्ठावर तसाही रस कमी पडतो, चोथा गाळून टाकलेला असतो. दुधीची भाजी करा, चण्याची डाळ घालून. पोट त्याने जास्त चांगलं साफ होईल.

मातीचं: सोसायटीच्या बागेतली नको. तिथे खत, कीटकनाशक आणि मांजरांची घाण असते. माती तीन-चार फूट खोलीवरची, शेतात खत न पडलेल्या जागेची लागते. दोन दिवस कडक उन्हात वाळवायची, मैद्याच्या चाळणीने चाळायची, रात्रभर भिजवायची. कालवल्यावर थालीपिठाच्या पिठाएवढी हवी. पातळ झाली की कपड्यातून गळते आणि पट्टी पोटावर बसत नाही. मलमलच्या तुकड्यात १० इंच बाय ६ इंच, इंचभर जाड, बेंबीखाली २० ते ३० मिनिटं. वापरलेली माती नहाणीच्या ट्रॅपमध्ये धुऊ नका, दोन वेळेतच तुंबतो. बादलीत खळबळून झाडाच्या बुंध्याशी ओता.

माती मिळत नसेल तर ओला लपेट करा. नऊ इंच रुंद सुती पट्टा गार पाण्यात बुडवून थेंब पडणार नाही इतका पिळायचा, पोटाभोवती गुंडाळायचा, वरून फ्लॅनेलचा कोरडा पट्टा ओल्याच्या दोन्ही कडा झाकतील असा घट्ट. तासभर. १०-१५ मिनिटांत आतून ऊब आली पाहिजे. गारच राहिला तर पिळायला कमी पडलात किंवा कडेने हवा जातेय. संध्याकाळी, जेवणाच्या आधी करायचा. पाळीत नाही.

केतकी_ऐरोली

खूप आभार, इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. पॅकेजचं आणि जागांचं कुणी सांगेल का?

पाणवठा

पॅकेजवाल्यांना दोनच प्रश्न विचारा. बी.एन.वाय.एस. कोण आहे? ही निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. काही महिन्यांची पदविका वेगळी. आणि पावडरींत काय काय आहे, किती मिलिग्रॅम? लिहून देत नसतील तर घेऊ नका. निसर्गोपचार पाणी, माती, ऊन, आहार, उपवास, मालिश यांवर चालतो. 'थायरॉइडची गोळी बंद करा' असं कुणी म्हणालं तर त्या क्षणी उठून या.

आसनं शिकायला ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर ही जुनी, भरवशाची नावं. निवासी उपचार हवे असतील तर उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला. पुणे-दौंड मार्गावर उरुळी स्टेशन आहे. पुण्यात बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, ती केंद्र सरकारची. दोन्हीकडे आधी चौकशी करून जा. कटिस्नानानंतरच्या चालण्याला मात्र घराखालचा रस्ता बरा, अंग कोरडं पुसल्यावर लगेच निघायचं असतं.

मोगरा_खारघर

एक राहिलं. ठाणे-वाशी-पनवेल गाडीने रोज जाणाऱ्या बायका शौचालयाच्या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग दोन्ही तिथून सुरू होतात. निघायच्या तासभर आधी दोन भांडी पाणी प्या, निघताना लघवीला जाऊन या, पोचल्यावर पुन्हा पाणी.

आतून धुवायला कडुनिंबाचं पाणी, दही, व्हिनेगर काहीही वापरू नका. योनीची स्वतःची आम्लता असते, ती बिघडली की संसर्ग वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये आतले कपडे दमट राहतात, जांघेत खाज येते ती त्यानेच. घालण्याआधी दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा.

कमोड असेल तर पायांखाली ७-८ इंच उंच पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. कुंथणं कमी होतं.

केतकी_ऐरोली

शेवटचं. थायरॉइडची गोळी, लोह, कॅल्शियम, इसबगोल आणि कटिस्नान, हे सगळं दिवसात बसवायचं कसं?

जाई_नेरुळ

६ ला थायरॉइडची गोळी, नुसत्या साध्या पाण्याबरोबर. लिंबू-मध, रस, चहा काही नाही. शौचाला जाऊन ६:२० ला कटिस्नान, मग चालणं. ७:१५ ला नाश्ता, सव्वाआठनंतर चहा. लोह दुपारी ४ ला, लिंबू पाण्याबरोबर. सकाळच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही किमान चार तास लांब हवं. कॅल्शियम रात्री ८ च्या जेवणाबरोबर, लोहाबरोबर कधीच नको. इसबगोल रात्री १० ला, दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पिऊन टाकायचं, वर आणखी एक पेला पाणी. भिजत ठेवलं तर लगदा होतो आणि घशात अडकतो. इसबगोल घेऊन लगेच आडवं होऊ नका, अर्धा तास बसा.

फेरिटिनचा आकडा आला की इथेच टाका.