रोजचे रेखाटन सोंगणीच्या दिवसांत तुटले. पुन्हा कसे सुरू करावे, आणि ते सगळ्यांना दाखवावे का?

पऱ्हाटी (आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या होत्या. त्यानंतर लग्न, शेती आणि दोन मुले यांत १४ वर्षे गेली आणि चित्र काढण्यासाठी म्हणून हातात पेन्सिल धरली गेलीच नाही. यंदा होळीच्या आधी मुलांनी रंग करायला पळसाची फुले तोडून आणली होती. त्यातले एक फूल ओट्यावर राहिले, त्याची पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी मी बराच वेळ पाहत बसले आणि रात्रीची भांडी झाल्यावर मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर ते फूल काढले. दुसऱ्या दिवशी सराटा (उलथणे) काढला, तिसऱ्या दिवशी दाराशी टेकवलेला डवरा, म्हणजे पिकातले तण काढायचे बैलांचे अवजार. पंधरा दिवसांनी मी इन्स्टाग्रामवर वेगळे खाते उघडले आणि चेहरा किंवा नाव न दाखवता रोजचे चित्र तेथे टाकू लागले.

मोबाइलमधील एका अॅपवर दिवस मोजत हा क्रम २०४ दिवस चालला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनची सोंगणी लागली. परतीच्या पावसाचे ढग डोक्यावर होते, मजूर मिळत नव्हते, आणि पहाटे चारपासून रात्री गंजीवर ताडपत्री टाकेपर्यंत आमच्या घरातील कोणालाच उसंत नव्हती. एकोणीस दिवस वही उघडली नाही. आता वेळ मिळू लागला आहे, तरी वही उघडताना छातीत धडधड होते, कारण तुटलेली साखळी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची या विचारानेच हात मागे येतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. सराट्याच्या चित्राला अकरा जणांनी दाद दिली आणि इंटरनेटवरील छायाचित्र पाहून काढलेल्या गणपतीला नऊशेहून अधिक जणांनी. त्यानंतर श्रावणापर्यंत मी नकळत देवांची आणि नटांचीच चित्रे काढू लागले होते, तीही दुसऱ्याच्या छायाचित्रांवरून. गोठा, धुरा (शेताचा बांध), निंदण, म्हणजे जे मी रोज पाहते आणि ज्यासाठी सुरुवात केली, ते वहीतून निघून गेले.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजूनही वाईट वाटते. शेजारच्या काकू निंदण करताना मी त्यांचे चित्र काढले आणि त्यांना न विचारता खात्यावर टाकले. चित्र गावात ओळखले गेले. त्यांच्या मुलाने घरी येऊन ते काढून टाकायला सांगितले, मी त्याच क्षणी काढले आणि माफीही मागितली, पण तेव्हापासून माणूस काढायला घेतला की माझा हात अडतो.

रोज म्हणजे खरोखर रोजच काढावे लागते का? आणि काढणे व दाखवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात का? ज्यांनी शेती किंवा तितकेच कष्टाचे काम सांभाळून हे टिकवले आहे, त्यांचे अनुभव वाचायला मला आवडतील.

उभी रेघ (हिंगणघाट परिसर, जिल्हा वर्धा)

ताई, मी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांमध्ये ३१ वर्षे कलाशिक्षक होतो, त्यामुळे आपले पत्र वाचताना माझ्या अनेक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आल्या. चौदा वर्षांनंतर आपण पुन्हा वही उघडली, याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी साखळीविषयी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलू शकतो, असे त्यात दिसले. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, असेही आढळले. एकोणीस दिवस म्हणजे एक दिवस नव्हे, हे मान्य आहे. तरीही २०४ दिवसांत आपल्या डोळ्यांना जे वळण लागले ते सोंगणीत नाहीसे होत नाही. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू नका. पानावर फक्त तारीख घाला. मोजणी अॅपची असते, तारीख आपली असते, आणि पुढे कधी वही चाळाल तेव्हा कोऱ्या गेलेल्या तारखांवरूनच त्या वर्षी सोंगणी केव्हा लागली हे कळेल.

आता वेळेचा प्रश्न. आपण इंटरमिजिएट दिली आहे, म्हणजे स्मरणचित्र हा विषय आपण केलेला आहे. परीक्षेत तो विषय मुले पाठ केलेल्या देखाव्यांवर निभावून नेतात, आणि शिक्षक म्हणून मला याची कायम खंत वाटत आली, कारण शेतात राबणाऱ्या माणसाला याहून उपयोगी दुसरी पद्धत नाही. दिवसभरात एकच वस्तू किंवा एकच हालचाल ठरवून पाहायची. पाहताना मनात मोजत राहायचे: बैलाचे तोंड त्याच्या मानेच्या लांबीच्या किती पट आहे, जू मानेवर नेमके कोठे टेकते, वशिंडाचा उंचवटा खांद्याच्या पुढे आहे की मागे. हात कामातच राहतात, फक्त डोळे अभ्यास करतात. रात्री पाच ते दहा मिनिटांत, खोडरबर न वापरता, जे आठवेल ते काढायचे. दुसऱ्या दिवशी तोच बैल पुन्हा पाहायचा आणि त्याच पानावर लाल पेनने चूक दुरुस्त करायची. हे लाल पेन फार महत्त्वाचे आहे.

एक उदाहरण देतो. बहुतेक विद्यार्थी बैलाचा मागचा पाय काढताना मागे वळलेल्या सांध्याला गुडघा समजतात आणि सगळा पाय चुकवतात. तो सांधा म्हणजे त्या जनावराची टाच असते. खरा गुडघा वर पोटाजवळ, कातडीच्या घडीत असतो. ही गोष्ट मी फळ्यावर शंभर वेळा सांगितली, पण ज्या मुलांनी गोठ्यात जाऊन लाल पेनने स्वतःची चूक दुरुस्त केली, ती पुन्हा चुकली नाहीत.

दाखवण्याविषयी मला चित्रकार नंदलाल बोस आठवतात. १९३८ साली हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी जी चित्रफलके केली, त्यांत राजे किंवा पुढारी नाहीत. कुंभार, सुतार, वादक आणि कामात गढलेल्या बायका आहेत. हातकागदावर देशी रंगांनी केलेली ती चित्रे अधिवेशनाला येणाऱ्या सामान्य लोकांनी येता-जाता पाहावीत म्हणून मांडवांत लावली होती. म्हणजे आपला सराटा आणि डवरा चित्राला कमी पडणारे विषय आहेत, असे अकरा या आकड्यावरून ठरवू नका. आणि हेच नंदलालबाबू साध्या पोस्टकार्डांवर लहान रेखाटने करून ती विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पाठवीत असत. एक चित्र, एक कार्ड, एक माणूस. ज्याला ते कार्ड मिळाले त्याने ते नीट पाहिलेच असणार. नऊशे जणांपैकी किती जणांनी आपला गणपती दोन क्षणांहून अधिक पाहिला असेल, याची मला काळजी वाटते. माझे मत विचाराल तर काढणे रोजचे ठेवा, आणि दाखवणे आठवड्यातून एकदा, रविवारी. तेही सात पानांतील जे पान आपल्याला स्वतःला पुन्हा पाहावेसे वाटते तेच.

वैनगंगाकाठ (पवनी तालुका, जिल्हा भंडारा)

गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. माझे रेखाटन टिकले ते रोज दाखवल्यामुळेच. आम्ही पाच जण आहोत, दोन भंडाऱ्याचे, एक गोंदियाचा आणि दोन पुण्याला नोकरीला गेलेले. व्हॉट्सअॅपवर आमचा छोटा गट आहे आणि रात्री दहाच्या आत प्रत्येकाने त्या दिवसाचे पान टाकायचे, कितीही वाईट असले तरी, असा नियम आहे. छान, सुंदर, अप्रतिम हे शब्द गटात वापरायचे नाहीत. पाहणाऱ्याने चित्रातील एक जागा दाखवून काहीतरी नेमके म्हणायचे. धानाच्या कापणीत मी कित्येकदा फक्त विळ्याची मूठ काढून पाठवली आहे. कोणी वाट पाहत आहे हे माहीत नसते तर मी तेवढेही केले नसते. म्हणून माझ्या मते रोज दाखवण्यात दोष नाही. दोष अनोळखी गर्दीपुढे रोज दाखवण्यात आहे.

ऑक्टोबरविषयी एक सांगावेसे वाटते. रोज शाईने एक चित्र काढण्याचा इंकटोबर हा उपक्रम जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ साली सुरू केला आणि तो नेमका ऑक्टोबरच्या ३१ दिवसांचा आहे. आपल्याकडे हाच महिना सोयाबीनच्या सोंगणीचा आणि हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या धानाच्या कापणीचा असतो. पहिल्या वर्षी मी त्यात उतरलो, नवव्या दिवशी थांबलो आणि पुढे दोन महिने स्वतःला दोष देत राहिलो. नंतर वाचनात आले की दिवसाआड किंवा आठवड्यातून एकच चित्र काढण्याची मुभा त्या उपक्रमातच दिलेली आहे. आता आम्ही पाच जण आमचा महिना उन्हाळ्यात, मे महिन्यात धरतो. दुपारी ऊन ४५ अंशांच्या घरात गेले की बाहेर कोणी पडत नाही, आणि आमच्याकडे तेव्हाच हातात खरा निवांत वेळ असतो.

छायाचित्राबाबत थोडे सांगतो, कारण पेन्सिलचे काम येथे फार बिघडते. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली फोटो घेऊ नका. सकाळी ओसरीच्या सावलीत वही सपाट ठेवून, फोन अगदी समांतर धरून घ्या. कागदपत्रे स्कॅन करणारी अॅप पार्श्वभूमी पांढरी करताना पेन्सिलच्या फिकट रेषाही पुसून टाकतात, त्यामुळे साधा कॅमेराच बरा. व्हॉट्सअॅपवर चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर त्याचा दर्जा उतरत नाही. आमच्या गावात रेंज धड नसते, तेव्हा फोटो घेऊन ठेवावा आणि तालुक्याला गेल्यावर पाठवावा. गटातील नियमाला आम्ही ही सवलत दिली आहे.

बाजारवार (धारणी तालुका, जिल्हा अमरावती)

ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी बोलले नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी चार वर्षांपासून मेळघाटातील आठवडी बाजारात बसून रेखाटने करते. सुरुवातीला मीही न विचारता काढत असे. एकदा मोहफुले विकायला बसलेल्या आजींनी माझ्याकडे पाहून पदराने चेहरा झाकून घेतला. त्यांनी मला शब्दानेही दुखावले नाही, पण मी वही मिटली आणि घरी येऊन बराच विचार केला.

तेव्हापासून मी काढणे आणि टाकणे या दोन्हींसाठी वेगवेगळी परवानगी विचारते. चित्र काढू का, याला बहुतेक जण हो म्हणतात. हे फोनवर लोकांना दाखवू का, याला अनेक जण नाही म्हणतात, आणि ते नाही मी पूर्ण मानते. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय काहीही टाकत नाही. आधी विचारले तर माणूस अवघडून बसतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी मी आधी हात, पाठ, टोपली, डोक्यावरचा पदर एवढेच काढते, मग ते पान त्यांना दाखवते आणि तेव्हा विचारते. स्वतःचे हात कागदावर पाहिल्यावर लोक आपणहून बोलू लागतात. काकूंकडे आपण एकदा वही घेऊन जावे, असे मला वाटते. फोन नेऊ नका, वहीच न्या.

दुसऱ्याच्या छायाचित्रावरून काढलेल्या चित्रांबद्दलही थोडे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावर हक्क निर्माण होण्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही, तो आपोआप असतो. सरावासाठी वहीत काढणे वेगळे. परवानगीशिवाय ते हुबेहूब चित्र आपले म्हणून सर्वांपुढे मांडणे मला योग्य वाटत नाही. आपल्या डवऱ्याबाबत असा प्रश्न उद्भवतच नाही, आणि त्यावर आपला स्वतःचा हक्कही तितकाच आपोआप आहे.

कोरे पान (कारंजा तालुका, जिल्हा वाशिम)

एक छोटी सूचना. महागडी चित्रवही घेतली की पान वाया जाण्याची भीती वाटते. मी एका बाजूने छापलेले वाया गेलेले कागद दाभणाने भोके पाडून सुतळीने शिवतो आणि त्यावर बॉलपेनने काढतो. पेन्सिल हवी असल्यास ६बी ऐवजी २बी घ्यावी, खिशात वही असली तरी रेषा कमी पसरतात.

पऱ्हाटी

गुरुजी, ताई आणि दोन्ही भाऊ, सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

अॅपमधील मोजणी मी बंद केली. आता पानावर फक्त तारीख असते. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, त्यामुळे दिवसा वही काढणे शक्य नाही, पण स्मरणचित्राची पद्धत मला लागू पडली. एक आठवडा मी फक्त बोंड पाहिले: उमललेल्या बोंडाच्या पाकळ्या सुकल्यावर बाहेर कशा वळतात, आणि कापूस ओढला की बोटाला टोचणारे टोक नेमके कोठे असते. पहिल्या रात्री मला त्या पाकळ्या किती असतात हेही नक्की आठवेना, आणि वेचणी मी लहानपणापासून करते आहे. दुसऱ्या दिवशी मोजल्या. काहींत चार होत्या, काहींत पाच. त्या पानावर आता लाल रेषा जास्त आणि काळ्या कमी आहेत. खाते बंद केलेले नाही, फक्त रविवारी एक पान टाकते, आणि देवांची व नटांची चित्रे तेथून काढून घेतली आहेत. वैनगंगाकाठ भाऊ, पाच जणांच्या गटासारखे काही आमच्याकडे जमेल का, यासाठी शाळेतल्या दोन जुन्या मैत्रिणींना विचारले आहे.

काकूंकडे मी वही घेऊन गेले. त्यांनी ते पान दिव्याजवळ धरून खूप वेळ पाहिले. मुलाने काय सांगितले, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, माझा विळा डाव्या हातात असते." मी पंधरा वर्षे त्यांच्या शेजारच्या वावरात निंदण करते आहे आणि मी त्यांचा विळा माझ्यासारखा उजव्या हातात काढला होता. तेथेच बसून त्यांच्यासमोर लाल पेनने हात बदलला. हे चित्र फोनवर दाखवू का, असे विचारले तेव्हा त्यांनी नको म्हटले, त्यामुळे ते पान वहीतच राहील. पुढच्या वेळी विळ्याला धार लावताना काढ, असे मात्र त्यांनी निघताना सांगितले.