फायटर मासा तळाशी निपचित पडून राहतो : आधी औषध द्यावे की पाणी बदलावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या हट्टाखातर आम्ही हाफमून प्रकारचा एक निळा फायटर मासा घरी आणला. दुकानातूनच मिळालेल्या गोल काचेच्या बाउलमध्ये, म्हणजे साधारण तीन लिटर पाण्यात, तो राहतो. तळाशी रंगीत खडे आहेत. फिल्टर आणि हीटर नाहीत, कारण ‘फायटरला यातले काहीच लागत नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. दर रविवारी मासा पेल्यात काढून बाउल घासून धुतला जातो आणि त्यात बोअरवेलचे ताजे पाणी भरले जाते.

थंडी वाढल्यापासून मात्र तो तळाशी एका कुशीवर पडून राहतो, मधूनच धडपडत वर येऊन हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. पर अंगाला चिकटल्यासारखे मिटलेले असतात, शेपटीची कडा विरल्यासारखी दिसते, आणि दाणा तोंडात घेऊन तो लगेच थुंकून टाकतो. दुकानात विचारले असता एक निळे आणि एक पिवळे औषध देण्यात आले असून दोन्ही एकदमच घालायला सांगितले आहे. ही औषधे आज रात्रीच घालावीत काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाणकणीस (पुणे)

दोन्ही बाटल्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. आपण केलेल्या वर्णनात रोगाची खात्री पटावी असे काही नाही, मात्र पाणी बिघडल्याच्या आणि गारठ्याच्या खुणा स्पष्ट आहेत. निळे औषध बहुधा मिथिलीन ब्लू असावे. बुरशीवर ते उपयोगी आहे, परंतु पाण्यातील घाण पचवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही ते मारते आणि काचेच्या सांध्यांतील सिलिकॉन कायमचे निळे करून ठेवते. पिवळ्या बाटलीत काय आहे हे ठाऊक नसताना ती निळीबरोबर घालणे तर मुळीच योग्य नव्हे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि न खाल्लेले दाणे व विष्ठा कुजून त्यात भर पडते. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. आपल्या बाउलमध्ये फिल्टर नाही, आणि जे थोडे जिवाणू खड्यांवर धरत असतील ते दर रविवारी घासून जातात. त्यामुळे सोमवारपासून अमोनिया चढत जातो आणि रविवारी माशाला एकाएकी निराळ्या तापमानाच्या, निराळ्या गुणधर्मांच्या पाण्यात पडावे लागते. ही ओढाताण तो उबेच्या दिवसांत सोसतो. थंडीत त्याची ताकद संपते. हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातला मासा असून त्याला २५ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवते. नाशिकच्या थंडीत तीन लिटर पाणी पहाटेपर्यंत किती उतरत असेल, ते तापमापक बुडवून आपणच पाहावे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी उलटा सांगितला जातो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी मुक्त अमोनियाच खरा घातक असतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग या रूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. पाणी तापवले तरी हे प्रमाण वाढते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातील बोअरवेलचे पाणी बहुधा जड (क्षारयुक्त) आणि अल्कधर्मी असते. म्हणून घाण पाणी तसेच ठेवून नुसता हीटर लावला, तर माशाला ऊब मिळण्याआधी विष जास्त मिळेल. आधी पाणी, मग ऊब.

आज रात्री एवढेच करावे : बाउलमधले एक तृतीयांश पाणी काढून, घरात दिवसभर ठेवलेले आणि बाउलइतक्याच तापमानाचे पाणी हळूहळू घालावे, आणि हेच उद्या सकाळी व संध्याकाळी पुन्हा करावे. मासा बाहेर काढू नये, खाणे एक दिवस बंद ठेवावे. बोअरवेलच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसते. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास मात्र सोडियम थायोसल्फेटयुक्त क्लोरीननाशक घातल्याशिवाय वापरू नये.

आणखी एक तपासणी करावी. खोलीतले दिवे मालवून टॉर्च तिरका धरावा आणि डोक्यामागचा व पाठीचा भाग निरखावा. तेथे सोनेरी-तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसली, तर तो व्हेल्व्हेट नावाचा परजीवी रोग असतो आणि त्याला औषध लागतेच. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो इक नावाचा दुसरा परजीवी रोग. शेपटीची कडा काळसर किंवा लालसर होऊन रोज मागे सरकत असेल तर परसड, म्हणजे पर कुजण्याचा रोग, म्हणता येईल. नुसती उभी चीर असेल तर ती स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येते आणि नवा भाग आधी पारदर्शक पापुद्र्यासारखा दिसतो.

खाडीपलीकडे (ठाणे)

पाणकणीस यांच्याबद्दल आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आमच्याकडे अनेक वर्षे फायटर बाउलमध्येच राहत आले आहेत आणि त्यांतले काही चांगले जगलेही. हा मासा मुळात भातखाचरातील उथळ पाण्यात राहणारा आहे, आणि त्याला हवेतून श्वास घेता येतो. मग एवढ्याशा जिवासाठी टाकी, फिल्टर, हीटर, चाचणीसंच हा सारा प्रपंच मांडायला लावल्यास लोक मासे पाळणेच सोडून देतील. पाणी आठवड्यातून दोनदा बदलले की पुरे, असे मला वाटते.

पाणकणीस (पुणे)

आपला मुद्दा प्रामाणिक आहे आणि त्यातला एक भाग खराही आहे : ठाण्याच्या हवेत हीटरवाचून वर्षाचा बराचसा काळ निभावतो. परंतु भातखाचर उथळ असले तरी ते लांबरुंद असते, वनस्पतींनी भरलेले असते आणि त्यातला अमोनिया त्या वनस्पती शोषून घेतात. बाउल विस्तीर्णही नसतो आणि त्यात वनस्पतीही नसतात.

हवेतल्या श्वासाविषयी म्हणाल, तर फायटरच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घड्याघड्यांचे, रक्तवाहिन्यांनी भरलेले एक इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो तेथून घेतो, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो तग धरतो. अमोनिया मात्र त्याला इतर माशांप्रमाणे कल्ल्यांतूनच बाहेर टाकावा लागतो, आणि सभोवतालच्या पाण्यात तो साचला की टाकता येत नाही. त्यामुळे जे पाणी इतर माशांना गुदमरवून आधीच इशारा देते, त्याच पाण्यात फायटर मुकाट्याने आजारी पडत जातो. दुकानातल्या चहाच्या पेल्याएवढ्या डब्यांत तो जिवंत दिसतो याचे कारण हेच. तो तेथे सुखात असतो असे त्यावरून ठरत नाही.

प्रपंच म्हणाल तर तो वीस लिटरची साधी चौकोनी टाकी, स्पंज फिल्टर, लहान एअरपंप आणि हीटर एवढाच आहे, आणि त्यानंतर काम वाढत नाही, कमी होते. फायटर चांगला सांभाळला तर तीन वर्षे, क्वचित पाचही वर्षे जगतो.

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाणी सांगितल्याप्रमाणे बदलत आहोत. पहिला बदल करण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यात अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) आणि पीएच ८ आला. पहाटे पाण्याचे तापमान १७ अंश होते. टॉर्च धरून पाहिले, सोनेरी धूळ किंवा ठिपके नाहीत. वीस लिटरची टाकी घ्यायचे ठरले आहे. आमच्या भागात रात्री अधूनमधून वीज जाते, त्यामुळे हीटरविषयी धास्ती वाटते. तसेच सासूबाईंच्या एका मैत्रिणीने बदामाचे पान पाण्यात टाकायला सांगितले आहे. त्यात काही तथ्य आहे काय?

वैनगंगा (भंडारा)

ताई, आमच्याकडेही थंडी कडक असते, म्हणून हीटरबद्दल लिहिते. उबदार घरात वीस लिटरला २५ वॅटचा हीटर पुरतो, परंतु खोली बारा-तेरा अंशांपर्यंत उतरत असेल तर ५० वॅटचा, आणि तोही थर्मोस्टॅट असलेलाच घ्यावा. स्वस्तातला, थर्मोस्टॅट नसलेला हीटर पाणी तापवतच राहतो. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता टाकीच्या दुसऱ्या टोकाला निराळा तापमापक लावावा. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळातच ठिबकते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून थोडा निवू द्यावा. तापलेली काच उघडी पडली की तडकते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढलेलाच असावा, हे मुलीलाही सांगून ठेवावे.

वीज गेली तर फार घाबरू नये. वीस लिटर पाणी तीन लिटरपेक्षा पुष्कळ सावकाश निवते. टाकीच्या खाली, मागे आणि बाजूंना थर्माकोल लावून वरून गोधडी घातली, झाकणाशी हवेला फट ठेवली, की रात्र निघते. वीज आल्यावर तापमान एकदम न चढवता तासाला एखादा अंश या गतीने चढू द्यावे. झाकण मात्र हवेच. एक तर फायटर उडी मारतो, आणि दुसरे म्हणजे तो गिळतो ती पाण्यावरची हवा झाकणामुळे उबदार राहते.

रातराणी (रत्नागिरी)

बदामाच्या पानात तथ्य आहे, पण सांगितले जाते तितके नाही. हे सुक्यामेव्यातल्या बदामाचे झाड नव्हे. कोकणात आणि मुंबईत रस्तोरस्ती दिसते ते पसरट फांद्यांचे, पाने गळण्यापूर्वी लाल होणारे देशी बदामाचे झाड, शास्त्रीय नाव टर्मिनालिया कटाप्पा. झाडावरून तोडलेले हिरवे पान घेऊ नये. आपोआप गळून तपकिरी, करकरीत वाळलेले पान धुऊन घ्यावे आणि वीस लिटरला एखादे टाकावे. दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. त्यातील टॅनिन सौम्य जिवाणूरोधक असते, आणि मंद उजेडाच्या, आडोसा असलेल्या पाण्यात फायटर निवांत राहतो. नर बरेचदा अशा तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचे घरटे बांधतो. जोडीदार नसतानाही तो ते बांधतो, त्यामुळे घरटे दिसले म्हणून मादी आणायला धावू नये.

आपले पाणी जड आहे, त्यामुळे एका पानाने त्याचा पीएच फारसा उतरणार नाही, आणि उतरवण्याची घाईही करू नये. स्थिर ८ हा खाली-वर होणाऱ्या ७ पेक्षा बरा. जेथे डासांसाठी धूरफवारणी होते तेथील रस्त्याकडेची पाने मात्र टाळावीत.

पाणकणीस (पुणे)

गोदाकाठ ताई, आपल्या आकड्यांवरून खुलासा होतो. पीएच ८ असताना १७ अंशांवर मुक्त अमोनिया सुमारे तीन टक्के असतो आणि २६ अंशांवर तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून अमोनिया ०.२५ पीपीएमच्या आत आल्यावरच मासा नव्या टाकीत हलवून तापमान दिवसभरात सावकाश २६ वर न्यावे.

नवी टाकी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणा ओळखीच्यांच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज पिळून त्याचे मळकट पाणी आपल्या फिल्टरवर ओतता आले, तर हा काळ बराच घटतो. ते पाणी पाहून किळस येईल, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ‘जिवाणूंच्या बाटल्यां’पेक्षा माझा भरवसा त्यावरच अधिक आहे. तोवर एकाआड एक दिवस अमोनिया आणि नायट्राइट मोजून, दिसेल तेव्हा एक चतुर्थांश पाणी बदलावे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. हाफमूनची शेपटी अर्धवर्तुळाएवढी पसरते आणि ती ओढत पोहताना तो दमतो, म्हणून हवेचा प्रवाह नॉब फिरवून अगदी मंद ठेवावा.

गोदाकाठ (नाशिक)

मासा आज पहिल्यांदा पर उघडून वरपर्यंत आला आणि बोट दाखवल्यावर कल्ले फुगवून अंगावर धावला! एक शेवटची शंका. दाणे तो अजूनही अर्धेच खातो. गच्चीवरच्या बादलीत डासांच्या अळ्या झाल्या आहेत. त्या घातल्या तर चालतील का?

पाणकणीस (पुणे)

कल्ले फुगवले हे उत्तम झाले. त्याला डिवचण्यासाठी आरसा मात्र लावून ठेवू नये, त्याने तो थकतो.

अळ्या हे त्याचे नैसर्गिक अन्न आहे आणि तो त्या मिटक्या मारीत खाईल. परंतु गच्चीवरची ती बादली आजच्या आज रिकामी करावी. घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो, आणि माशाच्या चार घासांसाठी तो धोका घरात व शेजाऱ्यांच्या दारात आणू नये. त्याऐवजी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून एक-दोनदा द्यावेत. जिवंत टुबिफेक्स (चिखलातले बारीक लाल किडे) गटारांतून गोळा केलेले असू शकतात, ते टाळलेलेच बरे.

रोजच्यासाठी प्रथिने भरपूर असलेले बारीक दाणे सकाळ-संध्याकाळ दोन-तीन द्यावेत. ते आधी मिनिटभर टाकीच्या पाण्यात भिजवावेत, म्हणजे तोंडात मऊ लागतात आणि पोटात फुगत नाहीत. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. पाच मिनिटांत न खाल्लेला दाणा ड्रॉपरने उचलून काढावा. पोट फुगून तो तिरका पोहू लागला तर दोन दिवस काहीच देऊ नये. मात्र पोटाबरोबर खवलेही पाइनच्या बोंडासारखे उभे राहिलेले दिसले, तर वाट न पाहता येथे लिहावे.