शब्दचर्चा: अहाबचं ‘प्रारब्ध’ का खटकतं?

प्रश्न: हर्मन मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीवर लेख लिहिते आहे. पांढऱ्या देवमाशाच्या पाठलागाच्या दुसऱ्या दिवशी कप्तान अहाब म्हणतो, हे सगळं ठरलेलंच आहे, मी हुकमाचा ताबेदार. मी ‘प्रारब्ध’ लिहिलं. मैत्रीण म्हणाली, खटकतंय.

उत्तर: खटकणारच. प्रारब्ध म्हणजे आपल्याच संचितातला पिकलेला वाटा. करणी मागच्या जन्मीची, पण आपलीच. मेल्व्हिल वाढला कॅल्व्हिनपंथी ख्रिस्ती वातावरणात. तिथे कोणाला तारायचं हे देवाने सृष्टीआधीच नेमलेलं, माणसाच्या करणीकडे न बघता. अहाबलाही वाटतं की हा समुद्र उसळू लागण्याच्या एक अब्ज वर्षं आधी याची तालीम झाली आहे. म्हणून ‘नियती’ घ्या, किंवा सरळ ‘नेमून ठेवलेलं’. नेम आणि नियती, दोन्हींच्या मुळाशी ‘नि + यम्’च. ‘सटवाईचा लेख’ मात्र नको, लगेच बाळंतिणीची खोली दिसायला लागते!

दुसरं मत: नियतीवरच थांबू नका. ४७व्या प्रकरणात कथा सांगणारा इश्माएल आणि त्याचा जहाजावरचा मित्र क्वीक्वेग चटई विणतात. ताणलेले उभे धागे म्हणजे अटळता, इश्माएल हाताने फिरवतो तो धोटा म्हणजे इच्छा आणि क्वीक्वेगच्या लाकडी तलवारीचा आडवातिडवा ठोका म्हणजे योगायोग. पण मराठीत ‘योग नव्हता’ म्हणताना आपण योगातही दैव घुसडतो. तिथे ‘यदृच्छा’, म्हणजे निव्वळ अचानक घडणं, जड वाटली, तरी अर्थाला तीच चोख.

प्रश्नकर्ती: आणि नावं?

उत्तर: मराठी बायबलातलीच ठेवा: अहाब, इश्माएल, योना, एलीया. राजा अहाब खोट्या संदेष्ट्यांच्या भरवशावर लढाईत उतरला आणि मेला. कप्तान अहाबला त्याच्या जहाजावरचा फेदल्ला भाकीत सांगतो, तुला फक्त ताग मारू शकेल. त्याला वाटतं, म्हणजे फाशीचा दोर. जीव जातो तो भाल्याच्या दोराने. भाकीत खरं, अर्थ लावणारा फसला. ‘दैवाने मारलं’ लिहिलंत तर ही फसगत त्यात येत नाही.

जाता जाता: ५५व्या प्रकरणात मेल्व्हिल घारापुरीच्या लेण्यात मत्स्यावतार असल्याचं लिहितो. मुख्य लेणं तर शंकराचं!