इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, पुढे जाऊ का?

प्रश्न: पुण्याहून साताऱ्याला निघालोय. खंबाटकी चढताना इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. पेट्रोल गाडी, बीएस-६. दिवा स्थिर आहे, पण चढावर गाडी धक्के देत होती. घाट उतरून सुरूरजवळ थांबलोय, सोबत आई आहे.

उत्तर (गॅरेजवाला): दादा, ऑइलच्या कॅनचा किंवा तापमानाचा लाल दिवा नाही ना? तो असेल तर इंजिन बंद करा आणि टो बोलवा. पिवळा स्थिर असेल तर एसी बंद करून, गाडी न रेटता साताऱ्यापर्यंत जा. मात्र दिवा लुकलुकायला लागला तर तिथेच थांबा. तेव्हा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, जोरात असतं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. फार महाग पडतं हो ते.

उत्तर: पेट्रोलचं झाकण टिकटिक वाजेपर्यंत आवळलंय का, तेही बघा.

प्रश्नकर्ता: लाल दिवा नाही, झाकण घट्ट आहे. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू?

उत्तर (गॅरेजवाला): अजिबात नको, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेला बिघाडाचा कोड पुसला जाईल. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (बिघाड तपासायचं सॉकेट) कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. माझा संशय प्लग किंवा त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलवर आहे. पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर) आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून बघायची. आता पी०३०३ (तिसऱ्याचं मिसफायर) आला की कॉइलच गेलेली. कोड स्वतः बघितल्याशिवाय कुणालाही सेन्सर बदलू देऊ नका. पोचलात की कळवा, आईंची काळजी घ्या.