३० इंच खोल माशांची टाकी, तळाकडचं शेवाळ निघेना. कोणतं अवजार घ्यावं? (मदत हवी आहे)

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

टाकी खोल आहे. वरचा भाग हाताने होतो, खाली हातच पोचत नाही. काच घासायचा मॅग्नेट (एक तुकडा आत, एक बाहेर) आणला तर मधेच सुटून तळाला जातो. लांब काठीचा स्क्रॅपर घेतला, तो वाकतो आणि ठिपके जिथल्या तिथे. शनिवारी घरी कार्यक्रम आहे. ऑनलाइन दोनशे रुपयांपासून पाच हजारांपर्यंत सगळं दिसतंय. कोणतं मागवू तेवढं एका ओळीत सांगा. उगाच लेक्चर नको.

रेल्वेलाईन्स | ९:५२

लांबी-रुंदी किती? काच का अ‍ॅक्रिलिक? काचेची जाडी? तळाला वाळू का खडी? शेवाळ कोणत्या रंगाचं? मापाशिवाय चप्पल मागवल्यासारखं झालं हे.

भीमाकाठ | ९:५५

काच आहे. चार फुटी. शेवाळ हिरवं असतं तसंच. बाकीच्याचा काय संबंध?

शेंगाचटणी | १०:०१

दोन सकर मासे सोड की मालक. काच आरशासारखी करतात. वीज नाही, ब्लेड नाही.

जुळेसोलापूरकर | १०:१४

@भीमाकाठ, संबंध आहे. मॅग्नेटची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने घटते. ६-८ मिमी काचेसाठीचा मॅग्नेट १२ मिमीवर लावला तर स्वच्छ काचेवर टिकतो, पण कडक ठिपका आडवा आला की आतला तुकडा अडतो, बाहेरचा पुढे जातो आणि जोडी तुटते. तुझं तेच होत असणार. टाकीच्या वरच्या कडेला फूटपट्टी आडवी लाव, जाडी कळेल. मॅग्नेटच्या खोक्यावर काय लिहिलंय तेही बघ.

@शेंगाचटणी, सकर लहान असतो तेव्हा मऊ शेवाळ खातो. पुढे फूटभराच्या वर वाढतो, कोहळा-काकडी मागतो आणि ढिगाने घाण करतो. काचेवरच्या कडक ठिपक्यांकडे तर ढुंकून बघत नाही.

शेंगाचटणी | १०:२०

मोठा झाला की तळ्यात सोडायचा. सिद्धेश्वर तलाव काय लांब आहे का?

रेल्वेलाईन्स | १०:२३

अजिबात नको. परदेशी मासा आहे, कडक खवल्यांचा. इथले मासे त्याला सहसा खात नाहीत, तो मात्र पसरत जातो. झेपत नसेल तर दुकानात परत दे.

भीमाकाठ | १०:४१

मोजलं. ४८ × १८ × ३० इंच. काच १२ मिमी. खोक्यावर 'कमाल ८ मिमी' लिहिलंय, दुकानदार म्हणाला कुठल्याही टाकीला चालतो. तळाला बारीक वाळू. ठिपके गडद हिरवे, गोल, खसखशीएवढे, नखाने खरवडलं तरच निघतात. वरच्या कडेला पांढरी पट्टीपण आहे, ते बहुतेक वेगळं शेवाळ.

जुळेसोलापूरकर | १०:५८

आता बोलता येईल. पांढरी पट्टी शेवाळ नाही, क्षार आहेत. बोअरचं पाणी घालतोस ना? पाणी उडून जातं, कॅल्शियम काचेवर राहतं. ते कोणत्याच स्क्रॅपरने नीट जाणार नाही, त्याचं नंतर सांगतो.

ठिपक्यांना ब्लेडच लागते, स्पंज त्यांच्यावरून नुसता घसरतो. खोल टाकीत तळापर्यंत उजेड जावा म्हणून जोरदार एलईडी लावतात, त्यामुळे काचेच्या वरच्या भागावर उजेड गरजेपेक्षा जास्त पडतो. तिथेच ठिपके दाट असतील, बघ.

कडकभाकरी | ११:०५

विकतचं काही घेऊ नको बे. हार्डवेअरमधून अर्धा इंची सीपीव्हीसी नळी घे, ४२ इंच. रंगारी वापरतात तो चार इंची स्क्रॅपर, स्टेनलेस ब्लेडवाला, टोकाला नट-बोल्टने आवळ. नळीला दर सहा इंचांवर ४ मिमीचं भोक पाड, नाहीतर आत हवा राहते आणि काठी तळाला राहायलाच तयार होत नाही, सारखी वर येते. बोल्टही स्टेनलेसच घे. साधा असेल तर आठवड्यात गंजतो.

रेल्वेलाईन्स | ११:१२

भोकांचं बरोबर आहे, पण ४२ इंची सीपीव्हीसी म्हणजे वेताची छडी. टोकाला तेवढाच जोर लावला तर काठीचा वाक लांबीच्या घनाने वाढतो. १८ इंचाची काठी जेवढी वाकते त्याच्या आठपट ३६ इंचाची वाकते. त्याची आत्ताची काठी का वाकते त्याचं उत्तर हेच आहे, आणि तू त्याला आणखी लांब काठी सांगतोयस.

कडकभाकरी | ११:१५

मग आत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घाल. वाकणार नाही.

रेल्वेलाईन्स | ११:१९

वाकणार नाही, पण लोक काठी मधल्या काचपट्टीवर टेकवून तरफेसारखी दाबतात. ती पट्टी समोरची आणि मागची काच बाहेर फुगू नये म्हणून असते, वरून दाब घ्यायला नाही. ४२५ लिटरची टाकी आहे. पट्टी निखळली तर शेवाळाची चिंता उरणार नाही.

@भीमाकाठ, टाकीच्या वर मोकळी जागा किती?

भीमाकाठ | ११:२४

वर माळा आहे. १० इंच असेल.

रेल्वेलाईन्स | ११:२६

हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना राव! १० इंचांत ४२ इंची काठी उभीच राहणार नाही. ३६ इंची उभी राहील, पण आत घालताना मागच्या काचेला अडेल.

टेरीटॉवेल | ११:३०

पाणी अर्ध्यावर आणा, हात पोचेल. एवढं काय त्यात.

जुळेसोलापूरकर | ११:३८

नाही पोचणार. पाणी खाली गेलं तरी काठ जिथे आहे तिथेच राहतो. हाताचं अंतर काठापासून मोजायचं, पाण्यापासून नाही. काठावर बगल टेकवली तर साधारण २६-२७ इंच खाली हात जातो, आणि वर १० इंचांत माळा असताना खांदा आत घालणार कसा? त्यात पाणी अर्ध्यावर आणायचं म्हणजे दोनशे लिटर परत भरायचं. सोलापुरात पाणी रोज येतं का?

उलटा विचार कर. काठी लांब नको, छोटी कर आणि कोपरापर्यंतचा हात आत घाल. मुठीपासून कोपरापर्यंत साधारण १३ इंच, अधिक १८ इंची ताठ काठी, झाले ३१. तळ आला. कोपर काठावर, माळ्याची अडचण नाही. छोटी काठी वाकत नाही, त्यामुळे जोर थेट ब्लेडवर पडतो. टाकी १८ इंच रुंद आहे, काठी मागे कलती धरून ब्लेड काचेशी ३० अंशांच्या आसपास ठेवता येते. खरवडायला तेवढा कोन पुरतो. काटकोनाकडे नेलीस तर ती नुसती थरथरत घसरते.

कडकभाकरी | ११:४४

म्हणजे माझीच नळी, फक्त १८ इंचाची.

जुळेसोलापूरकर | ११:४५

हो की. आणि भोकं तुझीच.

हुरडापार्टी | बुधवार, सकाळी ७:१०

यूव्ही (अतिनील) दिवा लावा, शेवाळ मुळापासून जातं. नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलची बाटली बहुतेक ६ टक्क्यांची असते, तेवढंच पाणी मिसळून ३ टक्के करायचं, फिल्टर बंद ठेवून सिरिंजने काळ्या दाढीवर (काळं केसाळ शेवाळ) सोडायचं.

रेल्वेलाईन्स | ७:३२

काळी दाढी आहे असं त्याने कुठे लिहिलंय? आणि यूव्हीतून जे पाणी जातं त्यात तरंगणारं शेवाळ तेवढं मरतं. पाणीच हिरवं झालं असेल तर उपयोग. काचेला चिकटलेल्याला यूव्ही दिसतही नाही.

भीमाकाठ | ७:५०

मग मॅग्नेट घ्यायचा का नाही? आणि घरातला हिरवा स्क्रबर चालेल का? तो आहे.

जुळेसोलापूरकर | ८:२०

हिरवा स्क्रबर नको. त्यात घासणारे कण असतात, काचेवर बारीक केसांसारखे ओरखडे पडतात. दिवा लागला की तेच आधी दिसतात. भांड्यांचा वापरलेला असेल तर साबणही आत जाईल.

मॅग्नेट घे. समोरच्या काचेचा मोठा सपाट भाग त्यानेच लवकर होतो. मात्र तीन गोष्टी बघून घे. एक, खोक्यावर १२ मिमीच्या पुढची जाडी लिहिलेली हवी, अगदी १२ पर्यंतचा नको, १५-१६ चा घे. दोन, तरंगणारा हवा. सुटला तर वर येईल. बुडणारा सुटला की वाळूत पडतो, पॅडमध्ये कण घेऊन येतो आणि तू तोच परत काचेवर फिरवतोस. बारीक वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कडक असते. तीन, ब्लेड बसवायची खाच हवी. नुसत्या पॅडने तुझे ठिपके जाणार नाहीत.

एवढे जोरदार मॅग्नेट समोरासमोर एकदम आणू नकोस. आधी आतला काचेला टेकव, मग बाहेरचा बाजूने सरकवत आण. मधे बोट आलं तर चेपतं, आणि काचेवर आदळला तर टवका उडू शकतो. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या हातात देऊ नकोस.

टेरीटॉवेल | ८:३१

बाहेरून पुसायला टेरीचा जुना टॉवेल वापरा, नवा नको. नव्याचे धागे सुटतात. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही.

शेंगाचटणी | ८:३३

अवांतर: हल्ली टेरीत पूर्वीसारखा जाडपणा राहिला नाही.

टेरीटॉवेल | ८:३६

अवांतर: वजन बघून घ्या, जीएसएम विचारा. त्यासाठी वेगळा धागा काढा.

भीमाकाठ | ८:४०

टॉवेल राहू द्या ओ. शनिवारच्या आत करायचंय, नक्की कोणत्या क्रमाने करू?

जुळेसोलापूरकर | ९:०५

पाणी बदलायच्या दिवशीच कर, म्हणजे खरवडलेला चुरा सायफनने बाहेर जाईल. आधी हीटर, फिल्टर, दिवा तिन्हींच्या पिना काढ. हीटर थंड व्हायला १५-२० मिनिटं दे, गरम असताना उघडा पडला तर त्याची काच तडकते. हात साध्या पाण्याने धू, साबण-क्रीम काही नको.

मॅग्नेट वरून खाली आण आणि वाळूच्या दोन इंच वर थांब. त्याच्या खाली न्यायचाच नाही. कर्र आवाज आला तर लगेच थांब, आतला तुकडा बाहेर काढून पॅड धू. उरलेले दोन इंच छोट्या काठीने कर. ब्लेड वाळूच्या जरा वर टेकव आणि वरच्या दिशेने ओढ. खाली ढकललीस तर ब्लेड वाळूत घुसते आणि पुढच्या फेरीला कण सोबत घेऊन येते. वाळूच्या आतल्या हिरव्या रेघेसाठी जुनं एटीएम कार्ड काठीला बांध, त्याने वाळू बोटभर मागे सार, घास, परत लोट.

कोपऱ्यात सिलिकॉनपासून एक सेंटिमीटर लांब राहा. तिथे ब्लेड अजिबात नको, कार्डच. आतला सिलिकॉनचा पट्टा कापला गेला की शेवाळ त्याच्याखाली शिरतं आणि नंतर कशानेच निघत नाही.

हे सगळं झालं की सायफनने वरचं पाणी चार इंच खाली घे. ५५ लिटरच्या आसपास निघेल. चुरा त्यातच ओढून घे. मग पांढऱ्या पट्टीवर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेला कागदी रुमाल २० मिनिटं चिकटवून ठेव. आत ओघळ जाऊ देऊ नकोस. नंतर कार्डने काढ, ओल्या फडक्याने दोनदा पूस.

रेल्वेलाईन्स | ९:१२

भरताना नळाचं पाणी थेट ओतू नको. क्लोरीन असतं, आधी हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) घाल.

हुरडापार्टी | ९:१५

आणि दिवा किती तास लावतोस?

भीमाकाठ | ९:१८

सकाळी लावतो, रात्री झोपताना बंद.

हुरडापार्टी | ९:२०

बघा. सहा-सात तासांवर आण, टायमर लाव. नाहीतर पंधरा दिवसांनी हाच धागा वर येईल.

रेल्वेलाईन्स | ९:२४

यूव्हीनंतर पहिल्यांदाच कामाचं बोललास.

भीमाकाठ | शुक्रवार, रात्री १०:०५

मॅग्नेट १६ मिमीवाला मिळाला, सुटत नाही. काठी १८ इंचाची केली, खालचे ठिपके निघाले. भोकं पाडायला विसरलो होतो, काठी खरंच वर उसळत होती, मग पाडली. डाव्या कोपऱ्यात एक रेघ राहिली. पांढरी पट्टी अर्धीच गेली. आता ब्लेडने घेऊ का?

जुळेसोलापूरकर | १०:१७

ब्लेड नको. परत व्हिनेगर, परत २० मिनिटं. जुना थर दोन-तीन फेऱ्या मागतो. कोपरा कार्डनेच.

कडकभाकरी | १०:२०

आणि काठी बादलीत ठेवू नको. ब्लेड काढ, पुसून कोरडी कर.