रोज ऑफिसला जायला दोन दारांची कूपे: कुठली घ्यावी, आणि काय बघून?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

कूपे घ्यायची आहे. दोन दारांचीच. मागे टप उतरता केलेली चार दारांची सेडान नको. कॉलेजात असल्यापासून मनात आहे, आता जमतंय, त्यामुळे आणखी पुढे ढकलायची इच्छा नाही. पण ती रविवारी बाहेर काढून, पुसून परत झाकून ठेवायची गाडी नसेल. रोज कामाला हीच जाणार. एका बाजूने साधारण पंचवीस किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता मोकळा हायवे आणि उरलेला सिग्नल आणि रांगा. गाडीत मी एकटा आणि लॅपटॉपची सॅक. ऑफिसचं पार्किंग तळघरात, खांबांच्या मधे, आणि आत उतरायचा रॅम्प चांगलाच तीव्र. घरात बायकोची चार दारांची गाडी आहे, सगळे मिळून जायचं असेल तेव्हा तीच निघते. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला मात्र अधूनमधून क्लासहून मला आणावं लागतं.

यादीत टोयोटा जीआर८६, बीएमडब्ल्यू २ सिरीज कूपे आणि २.३ लिटर टर्बोची मस्टँग आहे. वापरलेली ऑडी टीटीही डोक्यात आहे. तिचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं, म्हणजे मिळाली तर वापरलेलीच.

पॉवर, टॉर्क, शून्य ते शंभर, सगळं पाठ झालंय. मला रोज चालवणाऱ्यांचं मत हवंय. मॅन्युअल की ऑटोमॅटिक? मागच्या सीटचा कितपत उपयोग होतो? "रोजच्याला कूपे नको" असं भेटेल तो सांगतो, पण नेमकं कशामुळे नको हे कोणी सांगत नाही.

चौथा_लेन

जीआर८६. वजन १,३०० किलोच्या आसपास, २.४ लिटरचं बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरचं) इंजिन, टर्बो नाही, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. आजच्या काळात एवढी हलकी आणि सरळ गाडी मिळणं मुश्कील. हायवेचा निम्मा रस्ता रोज मजेत जाईल. जास्त विचार करू नका.

निळी_हॅचबॅक

उलट मत देतो, राग नसावा. तुमच्या वर्णनात मोकळा रस्ता निम्माच आहे. उरलेल्या निम्म्यात रांग, तळघर आणि मुलगी आहे. पाच दारांची चांगली हॉट हॅचबॅक, म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी गाडी, घेतलीत तर चालवायची मजा बरीचशी तीच मिळते आणि दार उघडताना शेजारच्या गाडीचा विचार करावा लागत नाही. कूपेचा हट्ट असेल तर वादच नाही, पण निर्णय डोळे उघडे ठेवून घ्या.

रातपाळी

मी लॅबमध्ये काम करते. पाळ्या बदलत्या असतात आणि कामाला मी कित्येक वर्षं कूपेनेच जाते. दोन अधिक दोन सीटची, मॅन्युअल, रिअर व्हील ड्राइव्ह. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही कूपेला लागू आहे.

"नेमकं कशामुळे नको" हा तुमचा प्रश्न मला फार योग्य वाटला. त्याचं उत्तर इंजिनात नाही, दारात आहे. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट उघडायच्या आधी दार उघडा.

मागच्या माणसालाही त्याच दारातून आत जायचं असतं, म्हणून कूपेचं दार सेडानच्या पुढच्या दारापेक्षा वीतभर तरी लांब असतं. हिशोब करून बघा. दार एक मीटर लांब असेल आणि तीस अंशांत उघडलं, तर त्याची कड ५० सेंटीमीटर बाहेर येते. तेच दार १.३ मीटरचं असेल तर कड ६५ सेंटीमीटर बाहेर. शरीर बाहेर काढायला लागणारा कोन दोन्हीकडे साधारण तेवढाच, पण इथे कड आधीच शेजारच्या गाडीला टेकलेली असते. शिवाय दार ठरावीक खाचांवरच थांबतं. दोन खाचांच्या मधे ते हाताने धरून ठेवावं लागतं, नाहीतर पुढे तरी सरकतं किंवा पायावर तरी येतं. उतारावर उभ्या गाडीत हा त्रास आणखी वाढतो, कारण लांब दार जडही असतं.

आता तुमच्या यादीतल्या गाड्यांची रुंदी घ्या. आरसे सोडून जीआर८६ साधारण १.७८ मीटर, २ सिरीज कूपे १.८४, मस्टँग १.९ च्या थोडी वर. पार्किंगची जागा अडीच मीटरची धरली तर दोन्ही बाजू मिळून अनुक्रमे ७२, ६६ आणि ६० पेक्षाही कमी सेंटीमीटर उरतात. टेप घ्या आणि तुमच्या तळघरातली जागा खांबापासून खांबापर्यंत मोजा. हे काम टेस्ट ड्राइव्हच्या आधीचं आहे.

तुम्ही एकटे असता हा मोठा फायदा आहे. खांब दुसऱ्या सीटच्या बाजूला येईल अशी जागा निवडायची, गाडी खांबाला जेमतेम आरशाएवढं अंतर ठेवून लावायची, म्हणजे उरलेली सगळी जागा तुमच्या दाराला मिळते. उतरताना आधी सीट पूर्ण मागे घ्यायची आणि मग दार उघडायचं. पाय स्टिअरिंगखालून मोकळे झाले की अर्धवट उघड्या दारातूनही माणूस बाहेर येतो. मी सकाळच्या पाळीला थोडी आधी पोहोचते, त्यामागे हव्या त्या खांबाजवळची जागा मिळणं हे एक कारण आहेच.

दुसरी गोष्ट सीटबेल्ट. दार लांब म्हणून गाडीचा दारामागचा खांब मागे गेलेला, म्हणून बेल्टही तुमच्या खांद्याच्या बराच मागे. रोज दोनदा वळून मागे हात घालावा लागतो. मर्सिडीजने तर १९८१ च्या एसईसी कूपेमध्ये बेल्ट पुढे आणून देणारा विजेवर चालणारा हातच बसवला होता. काही गाड्यांत सीटच्या खांद्यावर एक पट्टी असते, तिच्यातून बेल्ट ओवून ठेवला की तो हाताशी राहतो. मागे कोणाला बसवताना ती पट्टी सोडावी लागते, आणि मग परत लावायचा कंटाळा येतो. लावाच. शोरूममध्ये बसाल तेव्हा अंगात जाकीट असू द्या आणि बेल्ट चार-पाच वेळा लावून बघा. खांदा आधीच दुखरा असेल तर या एका गोष्टीवरून एखादी गाडी बाद करायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मागचं दिसणं. टप उतरत गेलेला, मागची बाजूची काच चिंचोळी आणि तिच्यामागचा खांब जाड. हायवेला तिरक्या रस्त्याने मिसळताना खांद्यावरून बघितलं तर त्या कोपऱ्यात अख्खी मोटारसायकल लपते. बाहेरचे आरसे आपल्याच गाडीची कड दिसेनाशी होईपर्यंत बाहेर वळवा. ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारा सेन्सर ज्या व्हेरिएंटमध्ये असेल तेच घ्या, भले इतर दोन हौसेच्या गोष्टी सोडाव्या लागल्या तरी.

गिअरबद्दल. मी मॅन्युअलच चालवते आणि पुढचीही मॅन्युअलच घेईन. पण माझ्या रस्त्यावर रांगा कमी आहेत. तुमचा निम्मा रस्ता रांगेचा, तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारी ऑटोमॅटिक चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. जीआर८६ ची सहा गिअरची, २ सिरीजची आठ गिअरची आणि मस्टँगची दहा गिअरची ऑटोमॅटिक याच जातीची. रांगेत ब्रेक सोडला की गाडी सावकाश सरकते आणि ब्रेकवर थांबते, क्लचसारखं झिजणारं काही घासत नाही. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच यंत्रच चालवतं, तिथे तेच सरकणं म्हणजे यंत्राने केलेला हाफ क्लच. त्यातही क्लच कोरडा असेल तर तो लांब रांगेत तापतो, तेलात बुडालेला असेल तर उष्णता बरी सहन करतो.

टायरबद्दल थोडक्यात: चाक मोठं घेऊ नका. २१५/४० आर१८ (१८ इंची रिमच्या) टायरची बाजूची भिंत ८६ मिलिमीटर, २१५/४५ आर१७ (१७ इंची) टायरची जवळपास ९७. हा सेंटीमीटरभर फरक प्रत्येक खड्ड्याला कळतो, आणि रिम वाकते की वाचते तेही त्यावर ठरतं.

मागच्या सीटबद्दल लोक चेष्टेने बोलतात, पण एका मुलाला, थोड्या अंतरासाठी, ती पुरते. फक्त तुमची मुलगी बरोबर घेऊन जा. तुमची सीट तुम्ही नेहमी बसता तिथे ठेवा, तिला मागे बसवा, बूस्टर (मुलांना उंच बसवणारी गादी) वापरत असाल तर तोही ठेवा, आणि तिचं डोकं मागच्या काचेला टेकतंय का ते बाजूने वाकून बघा. पुढची सीट पाठ वाकवून पुढे सरकवल्यावर परत आपल्या मूळ जागी येते का, हेही बघा. काही गाड्यांत येते, काहींत दर वेळी नव्याने जुळवावी लागते.

एवढे कटकटीचे मुद्दे लिहूनही मी कूपे सोडत नाही, त्याचंही कारण सांगते. रात्रपाळी संपवून निघते तेव्हा डोकं जड झालेलं असतं. हायवेवर चढणारा एक लांब, गोल रस्ता आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून, गाडी जमिनीलगत बसून तो गोल काढते तेव्हा चाकाखालचा रस्ता हाताला कळतो. उंच गाडीत मला हे कधी मिळालं नाही. ज्याला ते हवंय त्याने बाकीची तडजोड आनंदाने करावी, असं मला मनापासून वाटतं.

निळी_हॅचबॅक

दाराचा हिशोब पटला. तीस अंशांचं गणित करून कोणी सांगितलं नव्हतं. माझा विरोध मागे घेत नाही, पण खांबाशेजारची युक्ती मीही वापरणार.

पाना_दहा

वापरलेली टीटी बघताय म्हणून लिहितो. गॅरेजात कूपे येतात तेव्हा मी पहिल्यांदा जे बघतो ते असं.

दार अर्धं उघडा, मोकळ्या कडेला खालून दोन्ही हात लावा आणि वर उचला. बिजागरीत खडखड जाणवली तर दार खाली बसलंय. मग ज्या कड्यात कुलूप अडकतं तिथे बघा, खालच्या बाजूला धातू घासून चकचकीत झालेला असेल. जड दाराला हे वयाप्रमाणे होतं, दुरुस्तही होतं, पण माहीत पाहिजे.

काचेला वरची चौकट नसेल तर हँडल ओढताच काच थोडी खाली आली पाहिजे आणि दार लावल्यावर परत वर जाऊन रबरात घट्ट बसली पाहिजे. बॅटरी काढून लावल्यावर बऱ्याच गाड्यांत काच हे विसरते. तेव्हा बटण वर ओढून काही सेकंद धरून ठेवायचं, की शिकते. तेवढ्याने जमलं नाही तर मात्र कारण शोधायला हवं, कारण अशा दारातून पाणी आत येतं. रबराला वर्षातून एकदोनदा सिलिकॉन ग्रीस लावा. गोठवणाऱ्या थंडीत काच रबराला चिकटते, तेव्हा दार जोराने ओढू नका.

ड्रायव्हर सीटची दाराकडची उशी बघा. गाडी खाली, म्हणून माणूस त्या उशीवरून घसरतच आत बसतो. मीटरवर किलोमीटर कमी आणि उशी पार दबलेली असेल तर सर्व्हिसचे कागद नीट वाचा. पुढच्या बंपरची खालची कड आरशाने बघा, रॅम्पवर घासलेल्या गाडीचा इतिहास तिथे लिहिलेला असतो. चाकाची आतली कड हात फिरवून तपासा, वाकलेली रिम बाहेरून दिसत नाही. आणि पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतील तर ते आलटून पालटून लावता येत नाहीत, मागची जोडी लवकर बदलावी लागेल.

टीटीचा एक मोठा गुण: मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उघडते. सीट पाडली की भरपूर सामान मावतं. मागे मुलगी बसवायची असेल तर मात्र रातपाळी यांनी सांगितलेली डोक्याची तपासणी इथे आधी करा.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. टेप घेऊन तळघरात गेलो. माझी जागा खांबापासून खांबापर्यंत २.४ मीटर निघाली. मस्टँग त्या क्षणी यादीतून गेली. मन थोडं खट्टू झालं, पण दहा वर्षं रोज दोनदा अंग चोरून उतरणं मला जमणार नाही.

मुलीला घेऊन उरलेल्या तिन्ही गाड्या बघितल्या. टीटीत माझ्या मागे तिचे पाय मावले नाहीत. जीआर८६ मध्ये बसली, पण गुडघे सीटला टेकून. २ सिरीजमध्ये नीट बसली आणि मला वाटलं त्यापेक्षा डिकीही मोठी आहे, ३९० लिटर. आता पेच असा की चालवायला मन जीआर८६ कडे ओढतंय. तिची ऑटोमॅटिक रांगेत चालवून बघितली, बरी वाटली, पण मॅन्युअल हातात आल्यावर उतरावंसं वाटेना.

रातपाळी

मुलीला अधूनमधून आणायचं एवढंच असेल तर मागच्या सीटवरून गाडी ठरवू नका. त्या दिवशी बायकोची गाडी न्या. नाहीतर मुलगी पुढे बसू शकते का ते तिची उंची, एअरबॅगबद्दल गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय आणि तुमच्याकडचा नियम, तिन्ही बघून ठरवा.

मॅन्युअलचं म्हणाल तर एक काम करा. तीच गाडी संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी मागा आणि तुमच्याच रस्त्यावरून न्या, रॅम्पसकट. रॅम्पवर मधेच थांबून परत सुटून बघा, पुढची कड घासते का तेही ऐका. रांगेतून बाहेर पडल्यावरही उतरावंसं वाटलं नाही, तर मॅन्युअलच घ्या.

तिसरा_गिअर

गुरुवारी संध्याकाळची वेळ मिळाली आहे. रॅम्पचं काय झालं ते इथेच लिहितो.